टायरॅनोसॉरस रेक्स : नावाचा अर्थ व वापर

टायरॅनोसॉरस रेक्स हे क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस, म्हणजे सुमारे ६ कोटी ८० लाख ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात वावरणाऱ्या एका अवाढव्य मांसाहारी डायनोसॉरचे शास्त्रीय नाव आहे. त्यातील पहिले पद वंशाचे असून दुसरे जातीचे आहे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीचे हेन्री फेअरफील्ड ऑसबर्न यांनी १९०५ मध्ये हे नाव प्रसिद्ध केले. जीवाश्म शोधणारे बार्नम ब्राऊन यांना १९०२ मध्ये माँटाना राज्यातील हेल क्रीक परिसरात मिळालेला सांगाडा त्याला आधारभूत होता.

‘टिरॅनोस’ आणि ‘सॉरोस’ हे ग्रीक शब्द असून ‘रेक्स’ लॅटिन आहे. सॉरोस म्हणजे सरडा आणि रेक्स म्हणजे राजा, याबद्दल दुमत नाही. टिरॅनोस या शब्दाकडे मात्र नीट पाहावे लागते. त्याचे भाषांतर सहसा ‘जुलमी’ असे होते, परंतु जुन्या ग्रीकमध्ये वारसाहक्काने नव्हे तर स्वबळावर सत्ता हाती घेणारा तो टिरॅनोस होय, मग त्याचा कारभार कसाही असो. ऑसबर्न यांनीही हे वंशनाम प्राण्याच्या क्रौर्यावरून दिलेले नाही. तोवर वर्णन झालेल्या कोणत्याही भूचर मांसाहारी प्राण्यापेक्षा हा आकाराने कितीतरी मोठा आहे, एवढेच कारण त्यांनी नोंदवले आहे.

‘जुलमी सरड्यांचा राजा’ हा मराठीत सर्रास दिला जाणारा अर्थ व्याकरणाला धरून नाही. रेक्स हे नाम पहिल्या पदाशेजारी प्रथमा विभक्तीत उभे आहे. दोन पदांमध्ये षष्ठीचा संबंध नाही. त्यामुळे ‘जुलमी सरडा, जो राजा आहे’ असा त्याचा अन्वय लावावा लागतो. शिवाय हा प्राणी सरडा नव्हता. सरड्यांपेक्षा पक्षी त्याला कितीतरी जवळचे आहेत. नावाचा शब्दार्थ म्हणजे प्राण्याचे वर्णन नव्हे, हे अशा नोंदी वाचताना विसरून चालत नाही.

हे नाव टिकले त्यात योगायोगाचा वाटा मोठा आहे. ऑसबर्न यांनी १९०५ च्या त्याच लेखात वायोमिंगमधील दुसऱ्या एका सांगाड्याला डायनॅमोसॉरस इम्पिरिओसस असे वेगळे नाव दिले होते, कारण त्या हाडांसोबत चिलखतासारखे अस्थिपट्ट मिळाले होते. ते पट्ट प्रत्यक्षात अँकिलोसॉर या चिलखती शाकाहारी डायनोसॉरांच्या गटातील प्राण्याचे होते. दोन्ही सांगाडे एकाच जातीचे आहेत हे ओळखून त्यांनी १९०६ मध्ये टायरॅनोसॉरस हे नाव कायम ठेवले.

त्याहून जुना दावा अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ एडवर्ड ड्रिंकर कोप यांचा. त्यांनी १८९२ मध्ये साउथ डकोटातील दोन झिजलेल्या मणक्यांवरून मॅनोस्पाँडायलस गायगास, म्हणजे ‘सच्छिद्र मणक्याचा महाकाय’, असे नाव दिले होते. हा प्राणी शिंगवाल्या शाकाहारी डायनोसॉरांपैकी असावा अशी त्यांची समजूत होती. हे मणके टायरॅनोसॉरसशी जुळतात हे ऑसबर्न यांना १९१७ मध्येच जाणवले होते. आधी दिलेले नाव ग्राह्य धरायचे या प्राणिनामकरणाच्या मूळ तत्त्वानुसार कोप यांचे नाव वरचढ ठरू शकले असते. मात्र १८९९ नंतर वैध म्हणून न वापरले गेलेले जुने नाव बाजूला ठेवून प्रचलित नावाला संरक्षण देण्याची तरतूद २००० पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय संहितेत आहे. त्यासाठी प्रचलित नाव आधीच्या ५० वर्षांत किमान १० लेखकांच्या किमान २५ लेखनांत आलेले असावे लागते. ही अट टायरॅनोसॉरस रेक्स सहज पूर्ण करतो.

लेखनात रोमन लिपीतील वंशनामाचे आद्याक्षर मोठे, जातिनाम संपूर्ण लहान अक्षरांत आणि दोन्ही पदे तिरप्या ठशात छापतात. पूर्ण नाव एकदा आल्यानंतरच वंशनामाचा संक्षेप करतात. त्या आद्याक्षरापुढे पूर्णविराम देऊन जागा सोडतात. बोलण्यातले ‘टी-रेक्स’ हे जोडचिन्हाचे रूप शास्त्रीय लेखनात चालत नाही. देवनागरीत लहानमोठ्या अक्षरांचा भेद नसल्याने मराठीत ‘टी. रेक्स’ असे लिहिणे आणि पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव देणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

नुसते ‘रेक्स’ म्हटल्याने हा प्राणी निश्चित होत नाही. अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ ओथनिएल चार्ल्स मार्श यांनी १८७७ मध्येच हे जातिनाम नॅनोसॉरस वंशातील एका लहानशा शाकाहारी डायनोसॉरला दिले होते. २०१० मध्ये पेरू देशातील, माणसाच्या नाकात शिरणाऱ्या, जेमतेम काही सेंटिमीटर लांबीच्या जळूचे नाव टिरॅनोब्डेला रेक्स असे ठेवण्यात आले. तिच्या एकुलत्या जबड्यावरील मोठ्या दातांमुळे हे नाव सुचले.

राजेपणाची हीच कल्पना भारतीय शब्दातून राजासॉरस नर्मदेन्सिस या नावात आली आहे. गुजरातमधील रहिओली येथे सापडलेल्या या मांसाहारी डायनोसॉरचे नामकरण २००३ मध्ये झाले. यातील जातिनाम मात्र विशेषण असून ‘नर्मदेकाठचा’ असा त्याचा अर्थ होतो. नावात राजा असला, तरी राजासॉरस अ‍ॅबेलिसॉरिडी या वेगळ्या कुलातील आहे.