लाल रेघेच्या वर आहात, म्हणून विमान चढेलच असं नाही

मल्टी इंजिनचं, म्हणजे दोन इंजिनांच्या विमानाचं, ट्रेनिंग संपवून आलेली पोरं ठाण्यात माझ्याकडे तोंडी परीक्षेच्या तयारीला येतात. प्रत्येकाच्या वहीत एक वाक्य ठरलेलं: 'रेड लाइनच्या वर म्हणजे सेफ.' रेड लाइन म्हणजे वेग दाखवणाऱ्या डायलवरची लाल रेघ. कोणी सांगितलं? "सर म्हणाले." माझेही सर हेच म्हणाले होते, आणि पुढे बरीच वर्षं मी ते खरं धरून चाललो.

स्टॉल, म्हणजे पंखांची उचल सुटणं, सिंगल इंजिनवर घोटून झालेला असतो, त्यात वेळ घालवत नाही. डायलवर रंग कुठे असतात तेही माहीत असतं. सेनेका दोन या दोन इंजिनांच्या विमानात लाल रेघ ६६ नॉटवर, निळी ८९ वर. घोळ होतो तो या दोघींच्या मधल्या २३ नॉटांत.

लाल रेघ, म्हणजे व्हीएमसी, एवढंच सांगते की एक इंजिन गेलं आणि दुसरं पूर्ण ताकदीवर आहे, तर रडर (शेपटीवरचं सुकाणू) शेवटपर्यंत दाबून बंद इंजिनाकडे वळू पाहणारं नाक सरळ धरता येईल असा हा किमान वेग. त्याखाली रडरला हवाच पुरत नाही. विमान चढेल की नाही, हा प्रश्न या व्याख्येत कुठेच नाही. तो निळ्या रेघेचा. एका इंजिनवर जास्तीत जास्त चढ मिळण्याचा वेग तो, आणि 'जास्तीत जास्त' म्हणजे कधीकधी कमीत कमी घसरण. एक इंजिन गेलं की ताकद निम्मी होते, पण चढण्याची क्षमता ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त जाते.

घोडबंदर रोडला गायमुखच्या घाटात अडकलेला भरलेला ट्रक आठवा. स्टिअरिंग ड्रायव्हरच्या हातात आहे, चाकं वळवू तिकडे वळतायत. गाडी मात्र चढत नाही.

तरी पटत नसेल तर विमानात वजन भरा. चालू इंजिनाकडे पाच अंश कल ठेवला, तर जड विमानाची व्हीएमसी उतरते. उंचीवर गेलात, साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद कमी झाली, की पुन्हा उतरते. दोन्ही वेळा चढ मात्र बिघडतो. 'व्हीएमसी कमी झाली, म्हणजे बरंच झालं' असं शिकवणाऱ्याने हे कधी ताडून पाहिलेलं नसतं.

उंचीवर आणखी एक भानगड आहे. व्हीएमसी उतरत उतरत स्टॉलच्या वेगाखाली जाते. मग व्हीएमसीच्या प्रात्यक्षिकात, म्हणजे एका इंजिनावर वेग मुद्दाम घटवत नेताना, नाक वळायच्या आधी स्टॉल येतो, तोही एकाच बाजूची ताकद चालू असताना, आणि तिथून स्पिन, म्हणजे गरगरत खाली येणं, लांब नाही. म्हणून दिशा सुटू लागली किंवा स्टॉलचा भोंगा वाजला, जे आधी होईल तिथे थांबायचं: चालू इंजिनाची ताकद कमी, नाक खाली. घाबरलेल्या पोराचा हात नेमका थ्रॉटल पुढे ढकलतो. ही सवय मोडणं इन्स्ट्रक्टरचं काम. तो मात्र एकदा करून दाखवतो, लॉगबुकात सही करतो आणि चहाला जातो.

माझं ऐकाल तर पुढच्या सॉर्टीला (उड्डाणाला) सरांना सांगा: भरपूर उंचीवर, एक इंजिन झिरो थ्रस्टला, म्हणजे ना ओढ ना अडथळा अशा ताकदीवर, ठेवून, एक मिनिट निळ्या रेघेवर आणि एक मिनिट दहा नॉट खाली. लाल रेघ अजून लांब असेल, रडर मस्त चालत असेल. तुम्ही फक्त व्हर्टिकल स्पीडची, म्हणजे चढ-उतार दाखवणारी, सुई बघत बसा.