तळ्याच्या तळातून चालणारी देवघेव

तळ्याच्या पाण्याचा ताळेबंद मांडणाऱ्यांना एक जुनी खोड होती. पाऊस आणि येऊन मिळणारे ओढे जमेला धरायचे, बाष्पीभवन आणि बाहेर वाहणारं पाणी खर्ची टाकायचं, आणि जी तफावत उरेल ती भूजलाच्या नावावर मांडून मोकळं व्हायचं. यात गोम अशी, की बाष्पीभवनाच्या आकड्यातली चूक, ओढ्याच्या मोजणीतली चूक, सगळं मुकाट्याने त्याच एका खात्यात जमा होतं. अमेरिकी भूजलतज्ज्ञ टॉमस विंटर यांनी १९८१ मध्ये या चुकांचाच हिशेब मांडला. तळातून येणारं-जाणारं पाणी जाणून घ्यायचं, तर ते तळाशीच जाऊन मोजायला हवं.

दिशा ठरते ती पातळीवर. काठालगतच्या जमिनीतली भूजलपातळी तळ्याच्या पाण्याहून वर असेल तर पाणी तळातून आत पाझरतं. खाली असेल तर तळ्याचं पाणी जमिनीत मुरतं. पुष्कळ तळ्यांत दोन्ही एकाच वेळी चालू असतं, एका काठाने आत आणि समोरच्या काठाने बाहेर. किती पाणी जाईल याचा नियम फ्रेंच अभियंते आँरी दार्सी यांनी १८५६ मध्येच मांडला होता, वाळू भरलेल्या नळकांड्यातून पाणी सोडून. पातळीतला फरक जास्त आणि अंतर कमी, की प्रवाह जास्त. बाकीचं मधल्या मातीवर. हे ‘बाकीचं’ मात्र भलतंच मोठं आहे: स्वच्छ वाळू आणि घट्ट चिकणमाती यांतून पाणी जाण्याच्या वेगात लाखो पटींचा फरक पडतो. त्यामुळे एकाच तळ्यात दहा पावलांवर पाझर पार बदलू शकतो.

हे पाणी आत शिरतं कुठून? सगळ्यात खोल जागेतून, असं सहज वाटतं. पण मॅकब्राइड आणि फानकुख या संशोधकांनी १९७५ मध्ये दाखवलं, की पाझर काठाशी सर्वाधिक असतो आणि आत जावं तसा झपाट्याने घटतो. जमिनीतली भूजलपातळी उतरती असते, तळ्याचा पृष्ठभाग मात्र सपाट. जिथे उतार संपून सपाटी सुरू होते, तिथेच भूजलाला बाहेर पडायची सर्वांत जवळची वाट मिळते. खोलवरून येणारं पाणी लांबचा वळसा घेऊन आत कुठेतरी वर येतं, पण ते थोडं. भरीस भर म्हणजे लाटा काठचा बारीक गाळ धुऊन नेतात आणि तो मध्यावर खोलात साचतो. काठाला वाळू, मध्ये चिखलाचं बूच. अर्थात तळाखाली खडकाची भेग किंवा जाड रेतीचा थर उघडा पडला असेल, तर भर मध्यातही झरा फुटतो. भूगर्भ आपल्या आकृत्यांना बांधलेला नाही.

मोजण्याचं साधन इतकं साधं आहे की हसू यावं. संशोधक डेव्हिड ली यांनी १९७७ मध्ये लोकप्रिय केलेल्या या पद्धतीत २०० लिटरच्या लोखंडी पिंपाचा बुडाकडचा तुकडा कापून तो तळातल्या गाळात पालथा रोवतात आणि वरच्या भोकाला प्लॅस्टिकची पिशवी जोडतात. पिंप किंचित कलतं ठेवतात, म्हणजे गाळातून सुटणारे वायूचे बुडबुडे आत अडकून राहत नाहीत. पिशवीत आधीच मोजून थोडं पाणी भरलेलं असतं, कारण पाणी बाहेर जात असेल तर तेही कळायला हवं. पिंपाचं तोंड साधारण पाव चौरस मीटर. दिवसभरात पिशवीत अडीच लिटर वाढले, तर त्या जागी पाझर दिवसाला १ सेंटिमीटर जाडीच्या थराएवढा. अडचण एवढीच, की हे उत्तर त्या पाव चौरस मीटरपुरतंच खरं.

म्हणून जोडीला इतर खुणा शोधतात. भूजलाचं तापमान वर्षभर जवळपास तेच राहतं, त्यामुळे उन्हाळ्यात तळाशी थंड पट्टे सापडतात, आणि थंड प्रदेशात हिवाळ्यात झऱ्यांवरचा बर्फ पातळ राहतो. रेडॉन-२२२ हा वायू खडक-मातीतून भूजलात मिसळतो. त्याचा अर्धायुकाल ३.८ दिवसांचा, म्हणजे तेवढ्या वेळात तो निम्माच उरतो, शिवाय तो पाण्यातून हवेत निसटतो. तळ्यात तो बऱ्यापैकी सापडला तर भूजल नुकतंच आलंय. उलट बाजूची खूण ऑक्सिजनच्या जड समस्थानिकाची, म्हणजे ऑक्सिजनच्याच जरा जास्त वजनाच्या अणूंची. बाष्पीभवनात हलके रेणू आधी उडतात, त्यामुळे तळ्याचं पाणी जड होत जातं. पलीकडच्या विहिरीत तसं जड पाणी लागलं, की ते तळ्यातून मुरलेलं आहे असं समजायला हरकत नाही.

दिशा कायमची नसते, ही मला यातली सर्वांत मजेची बाब वाटते. काठावरची झाडं मुळांनी इतकं भूजल ओढू शकतात, की तिथली पातळी तळ्याच्या पातळीखाली उतरते आणि आत येणारं पाणी उलटं फिरतं. मोठ्या पावसानंतर काठाजवळची भूजलपातळी झटकन चढते आणि बाहेर जाणारं पाणी काही काळ आत येऊ लागतं. गरम पाणी पातळ असतं, तेव्हा तेच तळं त्याच गाळातून उन्हाळ्यात जरा जास्तच गळतं.

पाण्याबरोबर त्यात विरघळलेलंही सगळं येतं. अमेरिकेत केप कॉडजवळच्या एका लष्करी तळावर १९३६ ते १९९५ या काळात प्रक्रिया केलेलं सांडपाणी वाळूत मुरवलं जाई. त्यातला, तळ्यात शेवाळ माजवणारा फॉस्फरस भूजलासोबत सरकत ॲशुमेट पाँड या तळ्यात उतरू लागला आणि सांडपाणी बंद झाल्यावरही येतच राहिला, कारण वाटेतल्या वाळूने तो धरून ठेवला होता. अख्ख्या तळ्यावर उपाय करणं अवघड, पण फॉस्फरस कुठल्या पट्ट्यातून आत येतो ते मोजून ठाऊक होतं. २००४ मध्ये काठालगतच्या तेवढ्याच पट्ट्यात तळाच्या वाळूत लोखंडाचे कण मिसळले. लोखंड गंजतं, आणि तो गंज फॉस्फरस पकडून ठेवतो. पाणी मात्र अडवलेलं नाही. ते त्याच वाटेने आत येतं.