दोन गुण की चार? ब्रिटनमधील अपंग भत्त्याच्या वादाची पार्श्वभूमी

आंघोळीच्या वेळी कमरेखालचे अंग धुण्यासाठी दुसऱ्याची मदत लागत असेल, तर २ गुण. खांद्यापासून कमरेपर्यंतचे अंग धुण्यासाठी लागत असेल, तर ४. ब्रिटनमधला ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’ म्हणजेच ‘पिप’ हा भत्ता अशा गुणांवर ठरतो. रोजच्या कामांच्या यादीत एकूण ८ गुण भरले की साधा दर, १२ भरले की वाढीव दर.

मार्च २०२५ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने सुचवले, की एकूण ८ गुण असून भागणार नाही, कुठल्या तरी एका कामात किमान ४ गुण असलेच पाहिजेत. आता एक बाई डोळ्यांसमोर आणा. स्वयंपाकाला तिला खास उपकरण लागते, केस धुवायला कोणीतरी लागते, कमरेखालचे कपडे चढवायला मदत लागते आणि शौचालयात धरायला दांडा लागतो. प्रत्येकी २, एकूण ८. आजच्या नियमाने तिला भत्ता मिळतो, सुचवलेल्या नियमाने एक पैसाही मिळाला नसता. जुलै २०२५ मध्ये सत्ताधारी पक्षाच्याच खासदारांनी हा प्रस्ताव हाणून पाडला, त्यामागे हे गणित होते. हे गणित कसे तयार झाले, हे समजून घ्यायला साठ वर्षे मागे जावे लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अर्थतज्ज्ञ विल्यम बेव्हरिज यांच्या १९४२ च्या अहवालाच्या पायावर ब्रिटनची कल्याणकारी व्यवस्था उभी राहिली. ती मुख्यतः नोकरी करून विमाहप्ता भरणाऱ्या माणसासाठी होती. युद्धात पाय गेला तर पेन्शन होती, कारखान्यात हात गेला तर भरपाई होती. पण घर सांभाळणाऱ्या बाईला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झाला, तर तिच्या वाट्याला जवळपास काहीच नव्हते. १९६५ मध्ये हाच आजार असलेल्या दोन गृहिणींनी, मेगन दु ब्वासाँ आणि बेरिट मूर यांनी, ‘डिसेबलमेंट इन्कम ग्रुप’ स्थापन केला. अपंगत्व कशामुळे आले हे न विचारता प्रत्येक अपंग व्यक्तीला हक्काचे उत्पन्न द्या, ही त्यांची मागणी होती. १९६९ मध्ये संघटनेच्या सभेला जाताना रस्ते अपघातात मेगन गेल्या. पुढच्या दशकात जे मिळाले त्यात या बायकांचा वाटा फार मोठा आहे, आणि आजच्या चर्चेत त्यांचे नाव क्वचितच निघते याचे मला वाईट वाटते.

१९७० मध्ये खासदार आल्फ मॉरिस यांच्या विधेयकातून अपंग व्यक्तींसाठीचा मोठा कायदा झाला. १९७१ मध्ये देखभालीसाठीचा भत्ता आला, १९७६ मध्ये प्रवासासाठीचा. इथून दोन वेगळे प्रवाह सुरू झाले. काम करता येत नाही म्हणून बुडालेल्या पगाराच्या जागी मिळणारा पैसा हा एक. अपंगत्वामुळे जगण्याचा खर्चच वाढतो, तो भरून काढणारा पैसा हा दुसरा. दुसरा भत्ता नोकरी करणाऱ्यालाही मिळतो, श्रीमंतालाही मिळतो. ‘पिप’ या दुसऱ्या प्रवाहातला आहे. हा फरक पुढच्या प्रत्येक भांडणात पुसला गेला, आणि माझ्या मते या वादातली सर्वांत नुकसानकारक गोष्ट हीच आहे.

माणसाचे अपंगत्व कामांच्या यादीवर तपासायची कल्पनाही त्याच काळातली. १९७७ मध्ये विवाहित स्त्रियांसाठी वेगळी पेन्शन आली, पण तिला अट होती: आपण नोकरी करू शकत नाही आणि शिवाय नेहमीची घरकामेही करू शकत नाही, हे बाईने सिद्ध करायचे. पुरुषाला अशी अट नव्हती. अपमान इतका उघड होता की १९८४ मध्ये ही पेन्शन गुंडाळावी लागली.

ऐंशीच्या दशकात पहिल्या प्रवाहाला पूर आला. कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने बंद होत गेले, तशी साउथ वेल्स, डरहॅम, यॉर्कशायरमधली खाण कामगारांची मोठी संख्या आजारपणाच्या भत्त्यावर गेली. तो बेरोजगारी भत्त्यापेक्षा जास्त होता आणि बेकारीचा आकडा खाली दिसणे सरकारच्या सोयीचे होते. या माणसांची फुप्फुसे आणि गुडघे खरोखरच निकामी झालेले असत, हेही तितकेच खरे. १९९५ मध्ये हुजूर पक्षाने हा भत्ता आवळून ‘इनकपॅसिटी बेनिफिट’ आणला. त्याआधी, १९९२ मध्ये, खर्च भरून काढणारे भत्ते एकत्र करून ‘डिसेबिलिटी लिव्हिंग अलाउन्स’ सुरू केला होता.

मजूर पक्षाचे टोनी ब्लेअर सत्तेत आल्यावर काही महिन्यांतच, डिसेंबर १९९७ मध्ये, भत्त्यांतील संभाव्य कपातीच्या निषेधार्थ अपंग आंदोलकांनी पंतप्रधानांच्या निवासस्थानाजवळ, डाउनिंग स्ट्रीटसमोर, लाल रंग ओतला. १९९९ मध्ये ‘इनकपॅसिटी बेनिफिट’मधील कपातीविरुद्ध मजूर पक्षाच्या साठहून अधिक खासदारांनी बंड केले, तरी विधेयक संमत झाले. २००८ पासून ‘इनकपॅसिटी बेनिफिट’च्या जागी नवा भत्ता आणि त्यासोबत ‘वर्क केपॅबिलिटी असेसमेंट’ ही १५ गुणांची चाचणी आली. ती घेण्याचे कंत्राट आतोस या खासगी कंपनीकडे होते. चाचणीवर इतकी टीका झाली की मुदतीआधीच कंपनी बाहेर पडली आणि २०१५ मध्ये काम मॅक्सिमसकडे गेले. पद्धत मात्र राहिली.

२०१० मध्ये हुजूर पक्षाच्या नेतृत्वाखालील आघाडी सरकारचे अर्थमंत्री जॉर्ज ऑसबर्न यांनी काम करण्याच्या वयातील लोकांवरचा ‘डिसेबिलिटी लिव्हिंग अलाउन्स’चा खर्च २० टक्क्यांनी खाली आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. म्हणजे आधी बचतीचा आकडा ठरला आणि मग निकष लिहिले गेले. त्या भत्त्याच्या जागी एप्रिल २०१३ मध्ये ‘पिप’ आला. किती अंतराहून जास्त चालता येत नसेल तर वाढीव प्रवासभत्ता द्यायचा, ही मर्यादा आधी व्यवहारात ५० मीटर धरली जाई, ती २० मीटर झाली. हा भत्ता देऊन भाड्याने घेतलेल्या मोटारी हजारो लोकांना परत कराव्या लागल्या. अपिलात गेलेल्यांपैकी दहातले सहा-सात जण वर्षानुवर्षे जिंकत आले. पहिल्या तपासणीबद्दल याहून जास्त काय सांगायचे?

मार्च २०१६ मध्ये ऑसबर्न यांनी उपकरण वापरणाऱ्यांचे गुण कमी करायचे ठरवले, तेव्हा ‘पिप’ आणणारे मंत्री इयन डंकन स्मिथ यांनीच राजीनामा दिला. युरोपीय संघात राहायचे की नाही हा वादही त्यामागे आहे, असे तेव्हा बोलले गेले. प्रस्ताव काही दिवसांत मागे पडला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या समितीने, ब्रिटनमध्ये अपंगांच्या हक्कांचे गंभीर किंवा पद्धतशीर उल्लंघन झाल्याचा निष्कर्ष काढला. सरकारने तो फेटाळला.

महासाथीनंतर ‘पिप’चे नवे मंजूर दावे जवळपास दुप्पट झाले. मानसिक आजारांचे दावे लक्षणीय वाढले आणि खर्चाचा प्रश्न खराच होता. पण तेव्हाच्या कामगार आणि पेन्शन मंत्री लिझ केंडल यांनी २०२५ मध्ये मांडलेल्या प्रस्तावात वर्षाला सुमारे ५ अब्ज पौंडांची बचत आणि ‘लोकांना कामावर आणू’ हा युक्तिवाद एकत्र बांधलेला होता. ‘पिप’च्या पैशावर टॅक्सी करून कामाला जाणाऱ्याचा भत्ता काढून तो कामावर कसा येणार, याचे उत्तर मिळाले नाही. सरकारच्याच मूल्यमापनानुसार अडीच लाख लोक गरिबीत ढकलले जाणार होते, त्यात ५० हजार मुले.

विधेयक रोखण्यासाठी मजूर पक्षाच्याच खासदार मेग हिलियर यांनी मांडलेल्या दुरुस्तीवर मजूर पक्षाच्या १२० हून अधिक खासदारांनी सह्या केल्या. आधी जुन्या लाभार्थ्यांना नव्या नियमातून वगळण्याची सवलत आली. १ जुलैला, चर्चा चालू असतानाच, मंत्री स्टीफन टिम्स यांनी उभे राहून ४ गुणांचे कलम काढून टाकल्याचे सांगितले. विधेयक ३३५ विरुद्ध २६० मतांनी पुढे गेले, तरीही मजूर पक्षाचे ४९ खासदार विरोधात गेले.

ब्रिटनमधल्या आपल्या माणसांसाठी एक गोष्ट: कामाच्या व्हिसावर असलेल्यांना सहसा सार्वजनिक निधीचा हक्क नसतो, त्यामुळे ‘पिप’ मिळत नाही. कायम वास्तव्याचा परवाना किंवा नागरिकत्व मिळालेल्या मराठी कुटुंबांना मात्र हे सगळे थेट लागू होते.

‘पिप’ वाचला, पण दुसरा तुकडा कायद्यात राहिला. आजारपणामुळे ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या कमी उत्पन्नवाल्यांच्या भत्त्यामध्ये मिळणारी जादा रक्कम एप्रिल २०२६ पासूनच्या बहुतेक नव्या अर्जदारांसाठी आठवड्याला सुमारे ९७ पौंडांवरून ५० वर आणण्याचे ठरले. अतिगंभीर आणि आयुष्यभराचे आजार असलेल्यांना यातून सूट आहे. ‘पिप’चे निकष पुन्हा तपासण्याचे काम टिम्स यांच्याकडे सोपवण्यात आले. ते अपंग व्यक्ती आणि त्यांच्या संघटनांना सोबत घेऊन करायचे आहे, आणि अहवालासाठी २०२६ च्या शरद ऋतूची मुदत ठरली आहे.