झाडीपट्टीची नाटकं आणि पटबंदीचा घोळ

झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भातला धानाचा पट्टा. तिथलं नाटक रात्री दहा-अकराला सुरू होऊन उजाडेपर्यंत का चालतं, हे सांगत बसत नाही. दंडार, खडी गंमत या तिथल्या लोककलांतून हे नाटक वाढलं, इतकं जुन्या काळाबद्दल पुरे. पहिला पडदा कुठल्या गावात लागला यावर भांडणारे भांडोत.

मुद्दा शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा आहे. दिवाळी झाली, धान निघाला की मंडई, म्हणजे गावची जत्रा, नाहीतर पट, त्यासाठी लेकी-जावई, पाहुणे गावात आणि एवढी माणसं आलीच आहेत तर रात्री नाटक, असं ते गणित. दिवसा बैलजोड्या पळायच्या आणि रात्री रिकाम्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मंडप. बसायला जमीन खोदून खड्डा करायचे आणि निघालेली माती कडेला टाकायची, म्हणजे मागच्यालाही स्टेज दिसतं.

आता बंदीचं. सगळे २०१४ धरून चालतात, पण घोळ आधीचा आहे. २०११ मध्ये केंद्राच्या एका अधिसूचनेत बैल हा खेळात वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत गेला, ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने तामिळनाडूच्या जलीकट्टूच्या निकालात बैलांच्या शर्यतीही बंद केल्या, २०१६ च्या जानेवारीत केंद्राने सूट दिली ती आठवड्याच्या आत कोर्टात अडकली, २०१७ ला राज्याने स्वतःचा कायदा केला तर तोही मुंबईच्या कोर्टात थांबला. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाची तात्पुरती परवानगी आणि १८ मे २०२३ ला तिथल्याच पाच न्यायाधीशांच्या पीठाने राज्याचा कायदा योग्य ठरवला. एका गावच्या जत्रेसाठी एवढं! बैलाचे हाल होत नव्हते असं कोणी म्हणू नये, पण पटाला धरून गावात काय काय उभं राहतं हे त्या कागदांत कुणी विचारात घेतलं असं वाटत नाही.

या काळात एक वाक्य पक्कं झालं, की पट बंद झाला आणि नाटक मेलं. हे मला पटत नाही. पट नव्हता त्या वर्षांतही नाटकं लागतच होती, मंडईच्या नावाने, कुठे नुसतीच. खरा दणका करोनाने दिला, २०२० च्या दिवाळीनंतरचा हंगाम बराचसा बुडाला.

मोठा बदल त्याही आधी होऊन गेला होता आणि त्यावर कोणी केस केली नाही. पूर्वी गावचीच पोरं नाटक बसवायची, बायकांची कामंही पुरुषच करायचे, मग नट्या बाहेरून आणायला लागले, बाकी सगळे गावचे, प्रॉम्प्टर विंगेत वही घेऊन. पुढे गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात नाटक कंपन्या आल्या, त्यांच्याकडे नट, नट्या, ऑर्गन-तबला, पडदे, लाईट सगळं तयार. गावच्या मंडळाने ॲडव्हान्स द्यायचा, तारीख घ्यायची, मंडप टाकून तिकिटं विकायची. यात नाटक सफाईदार झालं हे खरंच आहे, कित्येक कलाकारांचं घरही यावर चालतं, पण मंडळाचं काम हिशेबापुरतं उरलं.

आता पट परत सुरू झालेत, गर्दीही होते. म्हणून गावची पोरं पुन्हा तोंडाला रंग लावतील असं काही दिसत नाही, नाटकाची तारीख घ्यायला मंडळं अजून वडशालाच जातात.