फातोर्ड्यावरचा तो गोल कुठून आला

२० एप्रिल २०२१. मडगावजवळचं फातोर्डा स्टेडियम, सामन्याचं १४ वं मिनिट. एफसी गोवाच्या ब्रँडन फर्नांडिसनं फ्री किक घेतली, चेंडू गोलसमोरच्या गर्दीत उतरला आणि कर्णधार एदू बेदियानं हेडरनं तो जाळ्यात धाडला. समोर इराणचा पर्सेपोलिस होता, आदल्या मोसमात आशियाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलेला संघ. एएफसी चॅम्पियन्स लीग म्हणजे आशियातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा. तिच्या गटसाखळीत भारतीय क्लबनं केलेला हा पहिला गोल. एफसी गोवाचे खेळाडू एकमेकांना बिलगले. खुर्च्या मात्र सगळ्या रिकाम्या होत्या, कारण कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती आणि प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. आघाडी चारच मिनिटं टिकली. पेनल्टीवर बरोबरी झाली, मग पर्सेपोलिसनं दुसरा गोल केला आणि सामना २-१ असा गेला.

त्या मोसमाचा हिशेब मांडताना बहुतेक जण हे निकाल सांगून थांबतात. पण गोव्याचा एक क्लब त्या मैदानावर, त्या प्रतिस्पर्ध्यांसमोर उभा कसा राहिला, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

गोव्यातल्या फुटबॉलची सुरुवात १८८३ साली शिवोलीत झाली असं मानलं जातं. विल्यम रॉबर्ट लायन्स हे पाद्री प्रकृतीला हवापालट म्हणून तिथं आले आणि मुलांना हा खेळ शिकवू लागले. पाद्रींच्या शाळांमधून तो गावोगाव पसरला. भात कापून झालं की रिकाम्या शेतात दोन बांबू रोवायचे आणि वाड्यावाड्यांचे सामने लावायचे, हे गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. फुटबॉल म्हणजे ख्रिस्ती वस्तीचा खेळ, असा एक समज गोव्याबाहेर आहे. तो खोटा आहे. साळगावकर संघाचा आणि भारताचा गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर हे नाव त्याला पुरेसं उत्तर आहे. अर्जुन पुरस्कार आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळवणारा हा माणूस गोव्यातल्या कितीतरी हिंदू घरांमध्येही मुलांचा आदर्श होता.

गावचा खेळ मोठा झाला तो खाणींच्या पैशावर. लोहखनिजाच्या धंद्यातल्या धेंपो आणि साळगावकर या घराण्यांनी क्लब उभे केले, खेळाडूंना कंपनीत नोकरी आणि महिन्याचा पगार दिला. चांगल्या खेळाडूला पोटासाठी खेळ सोडावा लागत नसे. गोव्याच्या यशाचं मूळ मला या साध्या व्यवस्थेत दिसतं. साळगावकरनं १९९८-९९ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. धेंपोनं २००४-०५ पासून २०११-१२ पर्यंत पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तर चर्चिल ब्रदर्सनं दोनदा आय-लीग, म्हणजे राष्ट्रीय लीगच्या जागी आलेली स्पर्धा, जिंकली. कोलकात्याचं वर्चस्व मोडणारं राज्य म्हणजे गोवा, असं तेव्हा सगळेच म्हणत. आशियाच्या पातळीवरही धेंपो २००८ मध्ये एएफसी कप या दुसऱ्या फळीच्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला. त्या काळच्या धेंपोत डाव्या बगलेनं पळणारा क्लिफर्ड मिरांडा होता. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

मग पाया खचला. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि क्लब चालवणं अवघड होऊन बसलं. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) आली, पैसा आणि प्रसिद्धी तिकडे वळली. आय-लीगला दुय्यम दर्जा देणारा भारतीय फुटबॉल महासंघाचा आराखडा मान्य नसल्यानं २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही संघ राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. त्या निर्णयानं गोव्याचं जे नुकसान झालं ते अजून भरून आलेलं नाही. आय-लीगमध्ये गोव्याचे चार-चार संघ खेळत, म्हणजे तेवढ्या गोवेकर मुलांना राष्ट्रीय पातळीवर जागा होती. एका रात्रीत ती दारं बंद झाली.

एफसी गोवा या पडझडीच्या काळातलाच. २०१४ मध्ये क्लब स्थापन झाला तेव्हा मालकांमध्ये जुन्या घराण्यांतले दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास धेंपो होते, म्हणजे धागा पूर्ण तुटला नव्हता. पहिले प्रशिक्षक ब्राझीलचे झिको. २०१५ मध्ये संघ अंतिम फेरीत पोचला आणि घरच्याच मैदानावर चेन्नईयिनकडून ३-२ असा हरला. २०१९ मध्ये पुन्हा अंतिम सामना, या वेळी मुंबईत, बेंगळुरूविरुद्ध. जादा वेळ संपत आली असताना बेंगळुरूकडून खेळणाऱ्या मुंबईकर राहुल भेकेनं हेडरवर गोल केला आणि गोवा १-० असा हरला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुपर कप ही देशातली बाद पद्धतीची स्पर्धा मात्र जिंकली.

आशियाचं दार उघडलं ते एका नियमामुळे. २०१९-२० पासून आयएसएल ही देशाची अव्वल लीग ठरली आणि आशियाई प्रवेशाचं तिकीट अंतिम सामना जिंकणाऱ्याला न देता साखळीत पहिला येणाऱ्याला द्यायचं ठरलं. त्यासाठी लीग विनर्स शील्ड नावाचा नवा करंडकही आला. हा निर्णय योग्यच होता. चार महिने सातत्यानं जिंकणं आणि एका संध्याकाळी जिंकणं यांत फरक आहे. त्यातच एएफसीनं २०२१ पासून चॅम्पियन्स लीग ३२ वरून ४० संघांची केली आणि भारताला थेट गटसाखळीत जागा मिळाली. त्याआधीचे भारतीय विजेते पात्रता फेरीतच गारद होत. २०१६ मध्ये मोहन बागान चीनच्या शानदोंगकडून ६-० असा हरला होता.

२०१९-२० चा गोवा संघ बघायला सुंदर होता. स्पेनचे सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक, पुढे फेरान कोरोमिनास, मध्यात अहमद जाहू आणि ह्यूगो बुमूस, बचावात मूर्तदा फाल, डावीकडे आपला मंदार राव देसाई. मोसमाच्या शेवटच्या टप्प्यात, संघ अव्वल स्थानासाठी झुंजत असताना, क्लबनं लोबेरांना दूर केलं. संघ सोपवला क्लिफर्ड मिरांडाकडे. धेंपोचा तोच क्लिफर्ड. १९ फेब्रुवारी २०२० रोजी जमशेदपूरला ५-० असं लोळवून गोव्यानं पहिली शील्ड जिंकली. १८ सामन्यांत ३९ गुण आणि ४६ गोल. उपांत्य फेरीत चेन्नईयिननं एकूण ६-५ अशा फरकानं बाहेर काढलं, पण आशियाचं तिकीट पक्कं झालं होतं. त्या मोसमाचा अंतिम सामना १४ मार्चला फातोर्ड्यातच झाला, कोरोनामुळे प्रेक्षकांविना. रिकाम्या फातोर्ड्याची ती पहिली चाहूल.

त्यानंतर जे झालं त्यानं गोव्याचा प्रेक्षक आजही हळहळतो. लोबेरा मुंबई सिटीत गेले आणि त्यांच्या मागोमाग जाहू, बुमूस, फाल आणि मंदारही गेले. कोरोमिनासनंही क्लब सोडला. शील्ड मिळवलेला संघ आशियात खेळायच्या आधीच विखुरला. नवे प्रशिक्षक हुआन फेरांडो यांनी जवळजवळ नव्यानं संघ बांधला. २०२०-२१ चा संपूर्ण मोसम गोव्यातच, जैवसुरक्षेच्या कुंपणात झाला. खेळाडू महिनोन्‌महिने हॉटेल आणि मैदान यांतच अडकलेले. गोवा २० सामन्यांत १० बरोबऱ्या करत चौथा आला. उपांत्य फेरीत गाठ पडली ती मुंबई सिटीशी, म्हणजे आपल्याच जुन्या माणसांशी. २-२, मग ०-०, आणि पेनल्टी शूटआउटमध्ये ६-५ असा पराभव. शील्ड आणि करंडक दोन्ही त्या वर्षी मुंबईनं नेले. गोव्याकडे सावरायला महिनाभर होता.

आशियात आणखी एक अडचण होती. आयएसएलमध्ये तेव्हा एका वेळी पाच परदेशी खेळाडू चालत. एएफसीचा तेव्हाचा नियम तीन अधिक एक आशियाई असा होता. त्यामुळे १४ गोल करून गोल्डन बूट मिळवणारा इगोर अँगुलोच संघाबाहेर राहिला. बेदिया, इव्हान गोन्झालेझ, होर्गे ऑर्टिझ आणि ऑस्ट्रेलियाचा जेम्स डोनाची एवढे चार. उरलेली सगळी मुलं भारतातलीच, त्यातली बरीच गोव्याची. सेरिटन फर्नांडिस, सॅन्सन परेरा, सेव्हियर गामा, ग्लॅन मार्टिन्स, ब्रँडन, आणि गोलात मणिपूरचा धीरज सिंग, जो २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला होता. मला या मोसमातलं सर्वांत मोलाचं हेच वाटतं. नियमानं जबरदस्ती केली म्हणून का होईना, गोवेकर पोरं आशियाच्या पहिल्या रांगेतल्या संघांसमोर उभी राहिली.

गटातले सगळे सामने फातोर्ड्यातच होते. १४ एप्रिलला कतारच्या अल रय्यानशी गोलशून्य बरोबरी. त्यांचे प्रशिक्षक होते फ्रान्सच्या १९९८ च्या विश्वविजेत्या संघातले लोराँ ब्लाँ. तीन दिवसांनी अमिरातीच्या अल वाहदाशी पुन्हा ०-०. धीरजनं त्या दोन्ही रात्री गोल अक्षरशः राखला. मग पर्सेपोलिसकडून दोन पराभव, दुसरा ४-० असा मोठा. २६ एप्रिलला अल रय्यानविरुद्ध ऑर्टिझनं तिसऱ्याच मिनिटाला गोल केला आणि गोव्यानं ती आघाडी जवळजवळ शेवटपर्यंत टिकवली. सामना संपायला अगदी थोडा वेळ उरला असताना बरोबरीचा गोल पडला आणि भारतीय क्लबचा या स्पर्धेतला पहिला विजय तेवढ्यावरून हुकला. तीन दिवसांनी अल वाहदाकडून २-० अशी हार. त्याच २९ एप्रिलच्या संध्याकाळपासून गोव्यात लॉकडाउन लागू झाला. रुग्णालयांत खाटा मिळत नव्हत्या, त्यामुळे तीन गुणांसह कतारच्या संघाच्या वर, गटात तिसरं आल्याचा आनंद साजरा करायची कुणाची मनःस्थिती नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेदियाच्या फ्री किकवर मोहम्मडन स्पोर्टिंगला १-० हरवून गोव्यानं ड्युरँड कप जिंकला. त्यानंतरच्या आयएसएलमध्ये मात्र संघ नवव्या स्थानावर घसरला आणि फेरांडो मोसमाच्या मध्यावरच कोलकात्याच्या एटीके मोहन बागानकडे गेले.

हुकलेला तो पहिला विजय वर्षभरात आला, पण मुंबईच्या नावावर. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये मुंबई सिटीनं इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असं हरवलं. निर्णायक गोल राहुल भेकेचा होता, पुन्हा हेडरनंच. त्या मुंबई संघात मंदार राव देसाईही होता. सात गुणांसह मुंबई गटात दुसरी आली.

गोव्याला पुन्हा आशियात यायला २०२५ उजाडलं. मे महिन्यात जमशेदपूरला ३-० हरवून सुपर कप जिंकला, ऑगस्टमध्ये ओमानच्या अल सीबला फातोर्ड्यात २-१ असं नमवलं आणि चॅम्पियन्स लीग टू या आशियातल्या दुसऱ्या फळीच्या स्पर्धेच्या गटात सौदीचा अल नासर वाट्याला आला. २२ ऑक्टोबरला तो सामना झाला. अल नासरचा रोनाल्डो आला नाही, सामनाही गोवा २-१ असा हरला. पण पहिल्या सत्राच्या अखेरीस ब्रायसन फर्नांडिसनं, एका गोवेकर मुलानं, अल नासरच्या जाळ्यात चेंडू मारला, आणि या वेळी तो बघायला स्टेडियममध्ये माणसं होती.