सोनचाफ्याचा शेंडा खुडावा की नाही?

तुरीचा शेंडा खुडायला आपल्याकडे कुणाचा हात अडत नाही. पेरून दीडेक महिना झाला की बाया तासातासाने शेंडे खुडत जातात. फांद्या वाढल्या की शेंगा वाढतात, हे साऱ्या गावाला ठाऊक. पण अंगणातल्या सोनचाफ्याला कात्री लावा म्हटलं की तोच शेतकरी म्हणतो, "शेंडा कापला तं झाड खुंटते नं भाऊ!"

खुंटत नाही, उलट पसरतं. सोनचाफा हा मॅग्नोलियाच्याच कुळातला, आणि त्याची फुलं पानांच्या बगलेत येतात. म्हणजे जितकी डहाळी, तितकी फुलं.

शेंड्याच्या कोवळ्या पानांत ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि खोडातून खाली वाहतं. पानांच्या बगलेतले डोळे, म्हणजे नव्या फांद्यांचे कोंब, तोवर निजलेले. थिमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी १९३३-३४ च्या सुमारास बाकल्याच्या रोपांचे शेंडे छाटले, डोळे फुटले. कापलेल्या जागी ऑक्झिन लावलं, तर फुटेनात. एवढ्यावर भागलं असतं, पण खोडातलं हे ऑक्झिन डोळ्यात शिरतच नाही! मग डोळा दबतो कसा? एक स्पष्टीकरण असं: डोळ्याला वाढायचं तर स्वतःचं ऑक्झिन खोडात सोडावं लागतं. नाला तुडुंब असला की वावरातलं पाणी त्यात उतरत नाही, तसंच हे. शेंडा उडाला की खोडातला प्रवाह ओसरतो आणि डोळ्याला वाट मिळते. त्यात २०१४ मध्ये वाटाण्यावरच्या प्रयोगांत दिसलं, की खालचं ऑक्झिन ओसरण्याआधीच डोळे फुगू लागतात, कारण शेंड्याकडे जाणारी साखर त्यांच्याकडे वळते.

ऑक्झिन आणि साखरेनंतरचा तिसरा गडी स्ट्रायगोलॅक्टोन, हेही एक संप्रेरक. हाही डोळे दाबून धरतो, हे २००८ मध्ये कळलं. पण या गटातलं पहिलं रसायन १९६६ मध्येच सापडलं होतं, तेही पऱ्हाटीच्या मुळांच्या स्रावात! ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुला या तणाचं बी मुळांतून झिरपणाऱ्या याच गटातल्या रसायनांमुळे रुजतं.

आता कात्री. एकच खोड हवं तर शेंड्याला हात लावू नका; दोन शेंडे चढाओढ करू लागले तर एक पेन्सिलीएवढा असतानाच काढा. खालच्या बारक्या डहाळ्या वर्षभर राहू द्या, खोड त्यांच्यावर पोसतं. झुडूप हवं तर गुडघ्याच्या उंचीवर शेंडा कापा आणि फुटव्यांपैकी तीन-चार ठेवा, वेगवेगळ्या दिशेचे, थोडे वरखाली. चिमट्यासारखा अरुंद सांधा ठेवू नका. त्यात साल दबून राहते, लाकूड जुळत नाही आणि वैशाखातल्या वादळात खोड उभं फाटतं.

अमावस्येला छाटू नये म्हणतात. झाडाला तिथी कळत नाही, ऊन मात्र कळतं. मे महिन्यात ४५ अंशांत उघडी पडलेली साल भाजते, म्हणून मृगाचा पाऊस नीट लागल्यावरच छाटा. आणि कलमी रोप असेल तर जोडाच्या खालून आलेला फुटवा, कितीही जोमदार दिसला तरी, लगेच काढा. तो खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचा असतो.