ड्रॉप्सच्या बाटलीवरची टक्केवारी फसवते

डोळ्यातला दाह कमी करणाऱ्या स्टेरॉइड ड्रॉप्सच्या दोन बाटल्या शेजारी ठेवा. एकीवर लिहिलंय प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट १ टक्का, दुसरीवर डायफ्लुप्रेडनेट ०.०५ टक्के. जोरदार कोणतं? बहुतेकांचं बोट पहिलीकडे जातं, आकडा वीसपट मोठा ना! पण डोळ्याच्या आतल्या दाहावर, म्हणजे युव्हिआयटिसवर, दोन्हींची तुलना झाली तेव्हा दिवसातून ४ वेळा घातलेलं डायफ्लुप्रेडनेट ८ वेळा घातलेल्या प्रेडनिसोलोनच्या तोडीस तोड ठरलं.

हे कसं? खरी लढाई कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या दारातच असते. थेंबातलं बरंचसं औषध गालावर ओघळतं किंवा नाकातून घशात उतरतं (म्हणून कडू लागतं). आत पोचतं ते ५ टक्क्यांहूनही कमी. कॉर्नियाचा बाहेरचा थर तेलकट रेणूंनाच वाट देतो, त्यामागचा जाड थर मात्र पाणथळ. नुसतं पाण्यात विरघळणारं औषध पहिल्याच थराशी अडतं. म्हणून प्रेडनिसोलोनला अ‍ॅसिटेटचं शेपूट जोडतात. रेणू थोडा तेलकट होतो, आत शिरतो आणि तिथली एन्झाइम्स ते शेपूट कापून टाकतात.

पण हा रेणू पाण्यात नीट विरघळत नाही, त्याची पांढरी पूड तळाशी बसते. बाटली न हलवता थेंब घातला, तर डोळ्यात जवळजवळ पाणीच पडतं. डायफ्लुप्रेडनेट तेलाच्या सूक्ष्म थेंबांत विरघळवलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक थेंब सारखा. शिवाय त्याच्या रेणूतले दोन फ्लोरिन अणू पेशीतल्या स्टेरॉइड रिसेप्टरवरची (स्टेरॉइड जिथे चिकटून काम करतं त्या जागेवरची) पकड घट्ट करतात.

जोर वाढला की डोळ्याचा दाबही जास्त चढू शकतो. लोटेप्रेडनॉल हे स्टेरॉइड याच अडचणीतून घडवलं गेलं. काम झालं की डोळ्यातलीच एन्झाइम्स त्याला निष्क्रिय करतात. दाब कमी चढतो, पण तीव्र दाहापुढे ते तोकडं पडतं.

लाल डोळ्याकडे नुसतं बघून डोळे येतात, हा समज खोटा. त्याहून घातक समज म्हणजे प्रत्येक लाल डोळा सारखाच. कॉर्नियावर हर्पिस या विषाणूचा व्रण असेल तर हेच स्टेरॉइड तो पसरवतं. मागच्या वेळची उरलेली बाटली कृपा करून स्वतःच्या मनाने उघडू नका. आणि डॉक्टरांनी दिलेले ड्रॉप्स चालू असतील तर दाब तपासून घ्या. तो हळूहळू चढतो, बहुधा दुखत नाही, मोजल्याशिवाय कळत नाही.